विनीच्या काचा

मिक्सरमध्ये खोबरं आणि मिरच्या अर्धवट वाटून झाल्या होत्या आणि लाईट गेली. चंद्रहास शर्ट हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. एक बाही कडक इस्त्रीची, दुसरीचा बोळा. "आता?" म्हणाला, जशी काही मी डब्यात वीज भरून ठेवते. मी म्हटलं, "बाह्या दुमड." त्यावर त्याला काही सुचायच्या आत दारावर टकटक झाली.

लाईट नसली की आमची बेल मुकी होते आणि आलेला माणूस दोनदा ठोकून परत जिना उतरतो. एवढे मजले चढून आलेल्याला तसंच पाठवणं बरं नव्हे, म्हणून खोबऱ्याच्या हातानेच दार उघडलं.

दारात विनी होती. कोपराला हेल्मेट अडकवलेलं आणि दोन्ही हातांवर टॉवेलने झाकलेला एक लाकडी ट्रे, आरतीचं ताट धरावं तसा.

"वहिनी, चुकीच्या वेळी आले ना?"

"चुकीच्या वेळी लाईट गेलीय. तू आत ये."

तोवर विनीला मी ओळखत होते ती मेरीआत्यांची भाची म्हणून. आमची इमारत समुद्राजवळच्या सांडोर गावात, अगदी केळीच्या वाड्यांच्या कडेला आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली केळीची पानं दिसतात आणि पानांच्या पलीकडे मेरीआत्यांचं कौलारू घर. मेरीआत्या सुकेळी करतात. राजेळी केळी पूर्ण पिकवायची, सोलायची, उन्हात वाळवून मधासारख्या रंगावर आणायची आणि केळीच्याच सुक्या पानात घट्ट बांधायची. हे काम करणारी घरं आता कमी झाली. त्यांच्या अंगणातलं ऊन शेजारच्या नव्या घराने अडवलं, तेव्हापासून त्या आमच्या गच्चीवर मांडव घालून केळी वाळवतात. आम्ही वरच्या मजल्यावर, म्हणून गच्चीची एक किल्ली आमच्या खिळ्याला असते, दुसरी मेरीआत्यांच्या कमरेला.

विनी कॉलेजात फिजिक्स शिकवते एवढं ठाऊक होतं. सकाळी स्कूटरवरून जाताना दिसायची, संध्याकाळी अंधार पडल्यावर परत. बोलणं असं नव्हतं.

तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि टॉवेल काढला. आत काचेचे लहान लहान चौकोन, दोन रांगांत. पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडे मोठे, रंग जळक्या साखरेचा. प्रत्येकातून केसासारख्या दोन तारा बाहेर आलेल्या.

"चॉकलेट का?" चंद्रहासने विचारलं.

"सोलर सेल आहेत, दादा. माझ्या पीएचडीचे. गच्चीचा एक कोपरा हवाय, रात्रंदिवस. आमच्याकडे सगळी सावली."

चंद्रहास सोसायटीचा सेक्रेटरी आहे. गच्ची म्हटलं की त्याचा आवाज बदलतो. त्याने शर्ट खुर्चीवर ठेवला आणि म्हणाला, "बस. काय ते नीट सांग."

आणि विनी सांगायला लागली, पण कशी, तर आधी वाईट. माणसं काही मागायला आली की आधी गोड बोलतात, ही उलटी. म्हणाली, "यात शिसं आहे. थोडंच आहे, दोन काचांच्या मध्ये आहे, कडा गोंदाने बंद केल्यात. पण आहे. वर जाळीचं झाकण लावीन. तरी एखादी फुटली तर कोणी हात लावायचा नाही, मला फोन करायचा, मी येऊन नेईन. हे चालणार नसेल तर आत्ताच नाही म्हणा, मला राग येणार नाही."

चंद्रहासला असं कोणी सांगितलं की तो विरघळतो. तरी पण टोमणा मारल्याशिवाय त्याला होकार देता येत नाही. "पण बाजारात पॅनल मिळतात की. आमच्या साडूने लावलीत घरावर. तुझ्यात नवीन काय?"

"ती पंचवीस वर्षं टिकतात, दादा. माझा सेल एक हिवाळा बाहेर टिकला तरी मी देवळात मिस्सा सांगीन." त्यांच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात आणि तिथल्या प्रार्थनेला मिस्सा.

"म्हणजे वाईटच की."

"टिकण्यात वाईट. बाकी गुणी आहे. त्यांच्या सिलिकॉनला मोठी भट्टी लागते. माझ्या ह्या तपकिरी थराला साध्या तव्याएवढी आच पुरते. शाईसारखा पसरवता येतो. ऊन पण छान खातो. याला पेरोव्स्काइट म्हणतात. फक्त दमट हवा लागली की याला कावीळ होते."

मला वाटलं गंमत करतेय. पण खरंच तसं असतं. ओल आत शिरली की तो तपकिरी थर मोडतो आणि मागे शिशाचं पिवळं संयुग उरतं. कडेपासून पिवळा पडत पडत आतपर्यंत जातो.

चहा गॅसवर होत होता, त्याला लाईट लागत नव्हती. चहा पिता पिता मी विचारलं, "मग यात तू काय केलंस? की नुसतं वाळत घालणार?" बी.एस्सी. केलं होतं मी, बॉटनीत. त्याचा उपयोग एवढाच, की न समजणारी गोष्ट विचारायची लाज वाटत नाही.

विनी खुलली. खालच्या रांगेवर बोट धरून म्हणाली, "ऊन पडलं की या थरात इलेक्ट्रॉन सुटे होतात. त्यांना पटकन बाहेर न्यायला हवं. रेंगाळले की परत त्याच खड्ड्यात पडतात, मग वीज कसली. म्हणून खाली एक वेगळा थर असतो, इलेक्ट्रॉन वाहून नेणारा. वरच्या रांगेतल्यांना तो सपाट आहे. खालच्या रांगेत मी त्याच्या दांड्या उगवल्यात. मखमलीचे केस कसे उभे असतात, तशा. तपकिरी थर त्या केसांमध्ये भरून जातो. मग इलेक्ट्रॉन कुठेही सुटला तरी त्याच्या हाताशी दांडी."

"उगवल्यात म्हणजे?"

"टायटॅनियमचं पाणी करायचं, त्यात काच तिरकी ठेवायची, पोलादी भांड्यात झाकण आवळून ओव्हनमध्ये सोडून द्यायची. शिट्टी नसलेला कुकर. आपोआप उगवतात. मग त्यावर टिनच्या ऑक्साइडचा पातळ हात फिरवायचा. नाहीतर उन्हातल्या अतिनील किरणांनी टायटॅनियमच वरच्या थराला खातं."

तेवढ्यात लाईट आली, मिक्सर आपोआप गरगरला आणि चंद्रहास शर्ट घेऊन पळाला. जाता जाता म्हणाला, "टाकीच्या बाजूचा कोपरा घे. पाण्याच्या पायपाला हात लावू नकोस."

दिवाळी नुकतीच झाली होती. मेरीआत्यांचा मांडव त्याच आठवड्यात लागला, आणि त्याच्या शेजारी विनीचा ट्रे, चार विटांवर, दक्षिणेकडे तोंड करून.

त्या हिवाळ्यात विनी मला कळत गेली. कॉलेजला जायच्या आधी ती वर यायची, एक लहान डबी आणि लॅपटॉप घेऊन. प्रत्येक काचेच्या तारा डबीला जोडायच्या, आकडे उतरून घ्यायचे. मी कपडे वाळत घालायला त्याच सुमारास जायला लागले. एकीकडे पिळलेल्या चादरी, एकीकडे मेरीआत्यांची केळी, मध्ये ही पाठीला ऊन लावून उकिडवी बसलेली. तिथेच गप्पा.

तिची आई ती लहान असतानाच गेली. वडील कुवेतला होते, वर्षातून एकदा यायचे; आता तेही नाहीत. तिला वाढवलं मेरीआत्यांनी. मेरीआत्यांनी लग्न केलं नाही, कोणी विचारलं तर म्हणतात, "केळी कोणी वाळवली असती?" शाळेच्या सुट्टीत विनीचं काम ठरलेलं, काठी घेऊन मांडवाशी बसायचं आणि कावळे हाकायचे. पुस्तक मांडीवर. "माझं वाचन कावळ्यांमुळे झालं," ती म्हणायची. "आणि चष्मा पण."

एम.एस्सी. झाल्या झाल्या तिला नोकरी धरावी लागली, कारण घराला तिची गरज होती. पीएचडीला नाव घातलं ते बरोबरीच्या मैत्रिणींची मुलं शाळेत जायला लागल्यावर. प्रयोगशाळा मुंबईला, शनिवार, सुट्ट्या, नाताळ, मे महिना, सगळं तिथे. पहिली दोन वर्षं तिची एकही काच जगली नाही. "पावसाळ्यात सकाळी जन्माला यायची, संध्याकाळी पिवळी. प्रयोगशाळेतली मुलं मला विचारायची, मॅडम, आज किती बारशी, किती मर्तिकं?" हे ती हसत सांगायची. पण नावनोंदणीची मुदत जूनमध्ये संपत होती आणि हातात दाखवण्यासारखं काही नसेल तर इतकी वर्षं पाण्यात, हे सांगताना हसायची नाही. तिच्या गाईड सरांनी स्पष्ट म्हटलं होतं, बंद खोलीतले आकडे सगळ्यांकडे आहेत. समुद्राजवळच्या उघड्या हवेत, ऊन, वारा, दव, खारटपणा सगळं सोसून तुझ्या दांड्या किती टिकतात ते दाखव. तेच तुझं काम.

आणि काचा टिकत होत्या.

डिसेंबरात आमच्याकडे दव किती पडतं ते गच्चीवर कपडे विसरलेल्या बायकांना विचारा. सकाळी दोरी टिपटिप गळते. तरीही विनीच्या काचा तपकिरीच्या तपकिरी. खालच्या रांगेचे आकडे वरच्या रांगेपेक्षा चांगले, हे तर तिने धरलंच होतं. पण वरची, सपाट थराची साधी रांगसुद्धा तग धरून होती. नाताळच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "वहिनी, मी कडा फारच छान बंद केल्यात वाटतं." स्वतःच्या शिवणाकडे बघावं तशी काचांकडे बघत होती. नाताळला त्यांच्याकडून करंज्यांचा डबा आला, त्यावर मेरीआत्यांच्या हस्ताक्षरात आमची नावं आणि खाली विनीच्या हस्ताक्षरात 'गच्चीस सप्रेम'.

जानेवारीत सरांनी ठरवलं की एका मोठ्या परिषदेत हे मांडायचं. शीर्षकच असं केलं, की दमट किनारी हवेत उघड्यावर टिकणारे सेल. विनीने ते मला मराठीत करून सांगितलं आणि स्वतःच लाजली.

सव्वीस जानेवारीला खाली झेंडावंदन झालं. विनी केक घेऊन आली. "गच्चीवरच कापू," म्हणाली. मी, ती, चंद्रहास असे वर गेलो. मेरीआत्या मांडवाशी बसून केळी परतत होत्या. केळी परतायची त्यांची एक रीत आहे. बोटाने किंचित दाबतात, मग उलटतात, जशी काही केळ्याची परवानगी घेतात.

"आत्या, सोड ते जरा. केक खा," विनी म्हणाली. "माझ्या काचा चालल्या परदेशातल्या लोकांपुढे. साध्या काचासुद्धा पिवळ्या पडल्या नाहीत अजून, सांग."

मेरीआत्यांनी मान वर केली नाही. "पिवळ्या पडायला काय झालंय त्यांना? दव लागू दिलं तर ना."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, म्हणजे? देवळाची संध्याकाळची घंटा झाली की माझी केळी आत घेते. तुझ्या काचा पण घेते. सकाळी मिस्सा करून आले की परत मांडते. जशा होत्या तशाच हां. एक पण इकडची तिकडे केली नाही."

सुरी केकमध्ये अर्धी गेली होती, तिथेच थांबली.

"कधीपासून, आत्या?"

"पहिल्या दिवसापासून. टाकीखालच्या खोलीत माझी टोपली आहे ना, त्यात. खाली सुकी पानं, वर सुकी पानं, त्यावर गोणपाट. केळ्यांना नाही एवढी बडदास्त."

"पण तुला कोणी सांगितलं..."

"सांगायला कशाला पाहिजे? तू म्हणालीस, उन्हात ठेवायच्यात. दवात ठेवायच्यात असं कुठे म्हणालीस?"

त्यांच्या आवाजात अजून कौतुकाची अपेक्षा होती. त्यांच्या हिशेबाने गोष्ट सरळ होती. उन्हात घातलेली वस्तू तिन्हीसांजेला आत घ्यायची, नाहीतर दव पिऊन ती आंबते. हे त्यांच्या आईने केलं, आजीने केलं. विनीने आम्हाला रात्रंदिवस म्हणून सांगितलं होतं, सरांना सांगितलं होतं, जाळीवर चिठ्ठी लावली होती ती फुटलेल्या काचेला हात न लावण्याची. मेरीआत्यांना तिने काहीच सांगितलं नव्हतं. घरातल्या माणसाला कोण बसवून समजावतं?

आणि दिवसा मोजणाऱ्या विनीला रात्रीचं कळायला मार्ग नव्हता. अंधारात सेल तसाही वीज देत नाही. तो आकाशाखाली आहे की गोणपाटाखाली, आकडे दोन्हीकडे शून्यच.

विनीने सुरी पूर्ण खाली नेली. एक तुकडा काढला आणि मेरीआत्यांना भरवला. मग आम्हाला दिला. स्वतः घेतला नाही. ट्रेपाशी जाऊन उकिडवी बसली आणि वरच्या रांगेतली एकेक काच बघू लागली. मेरीआत्यांचं चावणं मध्येच थांबलं. "बाय, काय झालं?" त्यांनी विचारलं. विनी म्हणाली, "काही नाही, आत्या. घरी सांगते."

खाली आमच्याकडे आल्यावर मात्र खुर्चीत बसली ती पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून.

"साध्या काचा टिकल्या तेव्हाच मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. "त्या टिकणं शक्यच नव्हतं. मला बरं वाटत होतं, म्हणून मी कारण शोधलं. कडा छान बंद केल्यात म्हणे."

चंद्रहास तिच्या बाजूने विचार करत होता. "पण रात्री ऊन नसतंच. तुझं मोजमाप दिवसाचं. टोपलीचं कोणाला कळणार आहे?"

"दादा, उद्या हे कोणाच्या तरी छपरावर लागतील. त्याची आत्या येणार आहे का रोज आत घ्यायला?"

मला हसू येत होतं आणि येऊ द्यायचं नव्हतं. विनीला स्वतःलाच आधी आलं. मग तिने चष्मा काढून डोळे पुसले, ते हसण्याचं पाणी होतं की दुसरं, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती सरांकडे गेली. तिथे काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. तिने सगळं एका दमात बोलून टाकलं, टोपली, पानं, गोणपाटासकट. सरांनी एकच विचारलं, "दोन्ही रांगा आत जायच्या?" ती म्हणाली, दोन्ही. "एकाच टोपलीत?" एकाच. मग म्हणाले, "फरक खरा आहे तर. सपाट थर आणि दांड्या, दोघांना सारखीच वागणूक मिळालीय. तेवढं लिही, टोपलीसकट लिही. उघड्या हवेत टिकतं हे मात्र काढून टाक. ते अजून कोणालाच माहीत नाही, तुला पण नाही."

परिषदेला जायचं ते राहिलं. जूनच्या पुढे मुदत वाढवून मिळेल का, हे समितीवर होतं, आणि समिती विचारणार होती की इतकी वर्षं काय केलंत. विनी परत आली ती थकून, पण मला वाटलं तशी मोडून नाही. "एक बरं झालं," म्हणाली. "तिथे परिषदेत कोणी विचारलं असतं, साध्या काचा कशा टिकल्या हो? तर मी काय सांगितलं असतं?"

मोडल्या त्या मेरीआत्या.

विनीने त्यांना शांतपणे सांगितलं होतं, आवाज न चढवता. तेच त्यांना लागलं असावं. आरडाओरडा झाला असता तर त्यांना उलट बोलता आलं असतं. दुसऱ्या सकाळी मी वर गेले तर मांडव काढलेला. अर्धी वाळलेली केळी टोपल्यांत भरून त्या जिना उतरत होत्या. मी वाट अडवली.

"अहो, कुठे नेता? तुमच्याकडे ऊन कुठाय?"

"असेल तेवढं पुरे."

"विनी रागावली का?"

"ती रागावते कुठे? मीच नासवलं तिचं. माझे हात वाईट आहेत, संपदा. संध्याकाळी बाहेर काही दिसलं की उचलतात. वर जायलाच नको."

कितीही समजावलं तरी ऐकेनात. त्यांच्या अंगणात दुपारचं तासाभराचं ऊन येतं, तेही नव्या घराच्या पत्र्यावरून घसरून. त्यात केळी वाळतात कसली? आठवडाभरात खिडकीतून आंबूस वास यायला लागला. एक टोपली त्यांनी गाईला घातली, मी वरून पाहिलं.

विनीने इकडे दोन गोष्टी केल्या. नव्या काचा करायला घेतल्या, शनिवार-रविवार धरून. आणि जुना ट्रे तिने तसाच गच्चीवर ठेवला, आता खरोखर रात्रंदिवस. "हे आकडे धरायचे नाहीत, यांचं लाडात गेलंय बालपण," म्हणाली. "पण बघू तर, होतं काय."

मीही बघू लागले. दूध तापत ठेवून वर जायचं. फेब्रुवारीची सुरुवात, दव अजून होतं. जाळीवर थेंब, काचांवर थेंब, तारांवर मोत्यांसारखे ओळीने. माझाही हात पदराकडे जायचा. पुसून घ्यावं असं इतकं वाटायचं की मेरीआत्यांची कीव आली. पहिले काही दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी वरच्या रांगेत, उजवीकडच्या काचेच्या कोपऱ्यात, नखाएवढं पिवळं दिसलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेजारचीला. बघता बघता सपाट थराची सगळी रांग हळदीच्या बोटांनी धरल्यासारखी कडेने पिवळी झाली.

खालची रांग तपकिरीच राहिली. मी रोज वाकून कोपरे तपासायचे. विनी डबी जोडून आकडे बघायची आणि काही बोलायची नाही, जसं बोललं तर दृष्ट लागेल. आकडे थोडे उतरले होते, तिने सांगितलं, पण थोडेच. सरांना फोटो पाठवला. सरांनी फक्त एवढंच कळवलं, नवीन बॅच लवकर बाहेर ठेव. समितीपुढे ती गेली ती हा फोटो घेऊन आणि टोपलीची हकीकत घेऊन. समितीतल्या एका बाई हसल्या म्हणे आणि त्यांनीच विचारलं, किती मुदत हवी. एक सत्र वाढवून मिळालं.

त्या रविवारी मिस्सेनंतर विनी माझ्याकडे आली. हातात जुना ट्रे. "वहिनी, आत्याकडे चला माझ्याबरोबर. मी एकटी गेले की ती मला जेवायला वाढते आणि विषय बदलते."

मेरीआत्या ओट्यावर सुक्या पानांच्या पट्ट्या काढत बसल्या होत्या, बांधायला केळी नसताना. मला बघून उठल्या, पाट सरकवला, आणि म्हणाल्या, "बसा, बांगडे तळते." विनी म्हणाली, "आधी हे बघ," आणि ट्रे त्यांच्या मांडीवरच ठेवला.

मेरीआत्यांनी हात मागे घेतले. "मला नको देऊ."

"हात लावू नको. बघ नुसतं. ही वरची रांग, साधी. ही खालची, दांड्यांची. दोन्ही तुझ्या टोपलीत वाढल्या. मग दोन्ही बाहेर दवात राहिल्या. आता काय दिसतं?"

मेरीआत्यांनी ट्रे डोळ्यांजवळ नेला, उजेडाकडे वळवला. केळं दाबून बघायची सवय असलेलं बोट काचेच्या वर येऊन थांबलं, टेकलं नाही.

"ही नासली," त्या म्हणाल्या. मग बोट खालच्या रांगेवर नेऊन, "ही नाही नासली."

"नाही नासली."

"माझ्यामुळे काही बिघडलं नाही मग?"

मला वाटलं विनी आता नाही म्हणेल. गोष्ट तिथेच गोड झाली असती. पण ती विनी होती.

"वेळ गेला, आत्या. हिवाळा गेला. काम बिघडलं नाही. ते पुन्हा करायचंय, आणि करता येणार आहे. नवीन काचा आज ठेवतेय."

मेरीआत्यांनी ट्रे तिच्या हातात परत दिला, दोन्ही हातांनी, जपून. "तू ठेव. मी वर येत नाही. दवात भिजताना बघून माझा हात राहायचा नाही. माझी केळी होतील इथेच."

"इथे होत नाहीत. वास आम्हाला वर येतो," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पानांच्या पट्ट्या मोजल्यासारखं केलं.

विनी त्यांच्यासमोर खालीच बसली, गच्चीवर बसते तशी उकिडवी. इतके दिवस जे सांगायचं राहिलं होतं ते तिने त्यांना सांगितलं. मला टेबलावर सांगितलं होतं तसंच, पहिल्यापासून, इलेक्ट्रॉन, दांड्या, मखमल, सगळं. त्यांच्या घरच्या बोलीत, त्यामुळे मला निम्मंच कळलं. मेरीआत्या मध्ये मध्ये प्रश्न विचारत होत्या. एकदा दोघी हसल्या, कशावर ते कळलं नाही. दवाचं सांगताना विनीने हात आभाळाकडे केला, मग काचांकडे, मग स्वतःकडे. हे भिजणंच मोजायचंय, असं काहीसं असणार. मेरीआत्या ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या, पटल्यासारखी नाही, पण कळल्यासारखी.

मग विनी उठली, कपडे झटकले आणि माझ्यासाठी असेल, आपल्या मराठीत म्हणाली, "आत्या, उद्यापासून मांडव परत वर घाल. संध्याकाळी घंटा झाली की ये, तुझी केळी आत घे. माझ्या काचा भिजल्या तरी बाहेरच राहू दे."